दातात धरलेली खीळ

मेळघाटात जाऊन आलो हे कळल्यावर आमच्या पुण्याच्या आळीतल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, "वाघ दिसला का?" नाही दिसला. अस्वल दिसलं नाही, बिबट्या दिसला नाही. एक गवा दिसला, आणि तो दिसला नसता तर फार बरं झालं असतं. ते पुढे येईलच. मी पाच दिवस पाहिला तो एक लोखंडी दांडा आणि त्याच्या दोन खिळा. तिकडे ज्यांना जायचं नाही, जाण्याचा योगही नाही, त्यांच्यासाठी ही हकिगत लिहितो आहे. मोटारीतलं मला तेव्हाही काही कळत नव्हतं, त्यामुळे वाचणाऱ्याला कळण्यात अडचण येणार नाही.

साठ साल उलटून एक-दोन वर्षं झाली होती. नवं राज्य झालं आणि आमच्यासारख्या कारकुनांच्या बदल्या एकदम लांब लांब होऊ लागल्या. मी अमरावतीला आरोग्याच्या कचेरीत येऊन पडलो. येताना आईने तुपाची बरणी दिली आणि "तिकडचे लोक तोडून बोलतात, मनाला लावून घेऊ नकोस" असा सल्ला दिला. बरणी फुटली. सल्ला मात्र उपयोगी पडला.

अमरावती

कचेरीचा एक फिरता दवाखाना होता. चारही चाकांना जोर असलेली जीप, आणि तिच्या पाठीवर पत्र्याची मोठी पेटी: आत दोन बाकं, औषधांची कपाटं, पाण्याची टाकी. महिन्यातून एकदा ही गाडी मेळघाटातल्या धारणीच्या पलीकडच्या कोरकू आदिवासींच्या गावांना जायची. दोन महिन्यांपूर्वी ती एका नाल्यात अडकली आणि हळूहळू कलत आडवी झाली. माणूस कोणी दगावलं नाही, पण अर्धी औषधं नाल्याने पिऊन टाकली. दोन महिने फेरी बंद राहिली.

मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. साहेब कमी बोलणारे. "आगाशे, या फेरीला तुम्ही जा. औषधांचा हिशेब तर बघाच, पण मला गाडीचा अहवाल हवा आहे. पुन्हा अडली तर धारणीची फेरी कायमची बंद करावी लागेल. आणि वानखडेला कमी करावं लागेल."

सुखदेव वानखडे हा गाडीचा ड्रायव्हर. तिशीचा, उंच, मानेला कायम एक रुमाल. तीन वर्षं रोजंदारीवर गाडी चालवत होता. दर महिन्याच्या शेवटी 'गरज नसल्यास कमी करण्यात येईल' असं छापलेल्या कागदावर सही करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर यायचा. त्याचे वडील तिवश्याकडच्या एका शेतकऱ्याकडे वर्षाच्या कराराने राबणारे सालदार. छप्पन साली घरातल्या सगळ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. घरात सरकारी कामावर असलेला हा पहिलाच. पर्मनंट होणं ही एकच गोष्ट त्याला हवी होती, आणि ती तो लपवतही नसे.

"पर्मनंट झालो का घरावर कवेलू टाकीन म्हणून बायकोले सांगून ठेवलं हाये, सायेब. तीन वर्सं झाली. वरून पाणी गयूनच राह्यलं."

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "सायेब, उद्या निंघाच्या आंधी एक चीज पाहून घ्या. मंग लिवा काय लिवाचं थे."

त्याने मला इतवाऱ्याच्या बाजारात गफूर मिस्त्रीच्या दुकानात नेलं. दुकान कसलं, टिनाचं एक छप्पर, त्याखाली भाता, ऐरण आणि मोडक्या मोटारींचा ढीग. आमची गाडी तिथे उभी होती. गफूर मिस्त्री म्हणजे पांढरी दाढी, जाड चष्मा. त्याने मला साहेब म्हणून स्टूल दिलं आणि लगेच त्याच स्टुलावरून उठवून गाडीखाली आडवं व्हायला लावलं. धोतर नेसून गाडीखाली जाणं किती अवघड असतं, ते गेल्याशिवाय कळत नाही.

पुढच्या दोन चाकांच्या मधे एक जाड लोखंडी दांडा आडवा बसवलेला होता. त्याची दोन्ही टोकं दोन छोट्या दुव्यांनी दोन्ही चाकांपाशी आसाला जोडलेली. गाडीवर पेटी बसवल्यावर ती वळणावर एवढी डोलायची की डॉक्टर ओकायचे, म्हणून कचेरीने एका भंगारातल्या लॉरीचा हा दांडा काढून लावून घेतला होता. डोलणं थांबलं. पण नाल्यात एक चाक धोंड्यावर चढलं की हा दांडा दुसऱ्या चाकालाही वर ओढायचा. ते चाक हवेत नुसतं फिरत राही, आणि गाडी जागच्या जागी कलायला लागे.

"देखो साहब," गफूर मिस्त्री म्हणाला, "किसी के दोनों पैर एक रस्सी से बांध दो और बोलो, अब नाला पार कर. करेगा? रास्ते पे बांधो, नाले में छोड़ो. बस इतनी बात है."

हे इतकं सोपं असेल तर कोणी आधी का केलं नाही, असं मी विचारलं. सुखदेवने दाखवलं. दांड्याचे दुवे गंजलेल्या बोल्टांनी आवळलेले होते. ते सोडवायला दोन पाने, घासलेट आणि दीड तास लागायचा, आणि एका दिवसात असे सात-आठ नाले. म्हणून त्याने गफूर मिस्त्रीच्या मदतीने बोल्ट काढून टाकले होते. त्यांच्या जागी बैलगाडीच्या चाकाला असते तशी खीळ बसवली होती. एका मोडक्या सब्बलीचं, म्हणजे पहारीचं, पोलाद तापवून, ठोकून, कानशीने घासून गुळगुळीत केलेली, चार बोटं लांब. शेवटाला छोटं भोक, त्यात सायकलच्या सीटच्या स्प्रिंगचा वाकवलेला काटा. काटा ओढला की खीळ हाताने निघते. मग दांडा वर उचलायचा आणि कातडी पट्ट्याने बंपरला बांधून ठेवायचा. खिळीचा खडखडाट होऊ नये म्हणून जुन्या टायरच्या रबराच्या चकत्या. सगळं मिळून दोन मिनिटांचं काम.

मला ते फार आवडलं, आणि लगेच भीती वाटली. सरकारी गाडीत फेरफार करायला परवानगी लागते, आणि रोजंदारीच्या ड्रायव्हरला ती मिळाली असणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "वानखडे, सरकारी गाडीला तुम्ही भोकं पाडलीत?"

"भोक पैलेचंच हाये, सायेब. त्यातला बोल्ट काढला अन् खीळ टाकली. गाडीले नवं भोक एकबी नाई, मोजून घ्या."

मी मोजली नाहीत. वहीतही काही लिहिलं नाही. फेरी झाल्यावर पाहू, असं म्हणून कारकुनाला शोभेल अशा पद्धतीने विषय पुढे ढकलला.

परतवाडा

सकाळी निघालो. बरोबर डॉक्टर इंगळे. हे अकोल्याचे, वयाने माझ्याएवढेच. गाडी सुरू झाली की झोपायचे आणि थांबली की जागे व्हायचे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी जमीन, आणि तिच्यावर फुटलेला कापूस. बाया ओट्यांत वेचत पुढे सरकत होत्या. आमच्याकडे शेत म्हटलं की डोळ्यांपुढे बांध येतो, मधे एखादा डोंगर येतो. इथे नजर अडायलाच काही नाही. सकाळभर मला ते उघडंबोडकं वाटलं. दुपारपर्यंत मोकळं वाटायला लागलं.

परतवाड्याला खानावळीत जेवलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वर बोटभर लाल तेल. पहिला घास घेतला आणि माझ्या कानातून वाफ निघाली. मी दबक्या आवाजात गुळाचा खडा मागितला. खानावळवाल्याने डॉक्टरांकडे पाहिलं. "पेशंट हाये काय, डॉक्टरसायेब?"

"नाई," डॉक्टर म्हणाले, "पुण्याचे आहेत."

त्याने मग खरंच गूळ आणून दिला, वर दही दिलं आणि दोन्हीचे पैसे घ्यायला तयार होईना. तोडून बोलणारी माणसं अशी वागतात, हे आईला पत्रातून कळवलं.

परतवाड्याच्या पुढे घाट. वळणामागून वळण. दांडा खिळांनी जागेवर पक्का होता आणि गाडी अंग चोरून, सरळ चढली. पेटीतली एक बाटलीसुद्धा वाजली नाही.

धारणीच्या पलीकडे

धारणीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आत शिरलो. रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी, आणि ती दर दोन-तीन मैलांनी एखाद्या नाल्यात उतरते. पहिला नाला आला. गुडघाभर पाणी, आणि पाण्यात रांजणाएवढे धोंडे. सुखदेव उतरला, गाडीखाली शिरला, दोन्ही खिळा काढल्या, दांडा वर बांधला आणि बाहेर आला. दोन्ही खिळा त्याच्या दातात होत्या.

मी विचारलं, "झालं का हो?"

उत्तर नाही. तो चाकावर बसला.

"वानखडे, पलीकडे किती वेळ लागेल?"

पुन्हा उत्तर नाही. मला राग आला. आमच्याकडे शिपाईसुद्धा निदान 'हो साहेब' म्हणतो. मी आणखी काही बोलणार तोच डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आगाशे, त्याच्याशी आता बोलू नका. खीळ त्याच्या दातात आहे."

वऱ्हाडातल्या गाडीवानांची ही रीत मला त्या दिवशी कळली. चाकाला वंगण घालायला कण्याची खीळ काढली की माणूस ती खाली ठेवत नाही, खिशात घालत नाही. दातात धरतो. ती परत बसेपर्यंत तो बोलत नाही, आणि त्याच्याशी कोणी बोलत नाही. बाप असो, मालक असो, थांबतात. कारण खाली ठेवलेली खीळ विसरली जाते, आणि खीळ विसरलेल्या गाडीचं चाक उतारावर निखळतं. दातातली खीळ कशी विसरणार?

गाडी धोंड्यावर चढली. डावं चाक हातभर वर, उजवं तसंच खाली, पाण्यातल्या रेतीला धरून. पेटी जरा करकरली, आणि आम्ही पलीकडे. सुखदेव उतरला, दांडा खाली घेतला, खिळा बसवल्या, काटे लावले. मग रुमालाने तोंड पुसून म्हणाला, "आता बोला, सायेब. काय म्हनत होते?"

मला काही आठवेना.

त्या दिवशी नऊ नाले ओलांडले. पाचव्या नाल्यापर्यंत मी गप्प बसायला शिकलो होतो.

गावात पोचलो तर मोहाच्या झाडाखाली माणसं आधीच बसलेली. हिवतापाने पिवळी पडलेली मुलं, चिघळलेल्या जखमा, आलेले डोळे. मी गोळ्या मोजून देत होतो आणि डॉक्टर, ते झोपाळू डॉक्टर, चार तास पाय न हलवता उभे होते. एक बाई दोन डोंगर ओलांडून आदल्या दिवशीच येऊन राहिली होती. कडेवरच्या पोराच्या तोंडात औषध घालून झाल्यावर ती माझ्याकडे वळली आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, "दो महीना गाड़ी नहीं आया. फिर आएगा ना?"

ती मलाच साहेब समजत होती. मी "आएगा" म्हटलं. म्हटल्यावर माझ्या लक्षात आलं की ते माझ्याच अहवालावर अवलंबून होतं.

जेवायला कुटकीचा भात आणि तुरीचं पातळ वरण. कुटकी म्हणजे बारीक दाण्याचं एक डोंगरी धान्य. घरधनी दारात उभा राहून मी कसं खातो ते पाहत होता. मी दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा तो हसला आणि आत जाऊन बायकोला सांगून आला. सुखदेव आमच्याच पंगतीला, माझ्या शेजारी बसला होता. पुण्यात आमच्या घरी हे कसं घडलं असतं, ते मी मनात जुळवू लागलो. जुळेना, तेव्हा मान खाली घालून जेवलो.

असे दोन दिवस, चार गावं. गाडी एकदाही अडली नाही.

सेमाडोहच्या अलीकडचा नाला

परतताना धारणीवरून न जाता आतल्या जंगलवाटेने सेमाडोहकडे निघालो. बरोबर एक पेशंट होता. झाडावरून पडून मांडी मोडलेला म्हातारा कोरकू. त्याला परतवाड्याच्या दवाखान्यात पोचवायचं होतं. बाकावर गादी घालून, पायाला फळ्या बांधून निजवला होता. फेरीतला शेवटचा नाला राहिला होता, त्यानंतर बरा रस्ता आणि मग घाटाचा उतार. मी अगदी खुशीत होतो. अहवालाची वाक्यंही मनात तयार झाली होती.

सुखदेव खिळा दातात धरून गाडीखालून बाहेर आला, आणि त्याच वेळी पलीकडच्या काठावर झाडी हलली. काळंकभिन्न, मोठ्ठं धूड, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखं. उभ्या आयुष्यात मी असं जनावर पाहिलं नव्हतं.

"वानखडे! ते काय आहे हो? अहो वानखडे, ते काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा ओरडलो, "सांगा ना!"

त्याने दातातल्या खिळा काढून मडगार्डवर ठेवल्या आणि हळू आवाजात म्हणाला, "गवा हाये, सायेब. हालू नोका. चुपचाप आत बसा."

गव्याने एकदा फुत्कार टाकला. आम्ही तिघे आत. गव्याला वाट द्यायला गाडी थोडी मागे, मग तो वर निघून गेल्यावर घाईने पुढे. धोंडे, पाणी, धक्के, आणि पलीकडे. सुखदेव उतरला, दांडा खाली घ्यायला वाकला आणि त्याने सवयीने तोंडाला हात लावला.

त्याचा तो हात मी अजून विसरलेलो नाही.

दोन तास आम्ही तिघे त्या नाल्यात हात घालून शोधत होतो. पाणी बर्फासारखं. एक काटा सापडला, खीळ एकही नाही. मी म्हणालो, "वानखडे, चूक माझी. मी बोललो."

"नाई सायेब. चूक माही हाये. दातातली खीळ काढाची नसते."

"मी ओरडलो म्हणून काढलीत ना?"

तो पाण्यातच सरळ उभा राहिला. "सायेबानं तीनदा इचारलं. उत्तर नाई देऊ काय? उद्या लिवलं असतं, ड्रायव्हर उर्मट हाये."

पाच नाल्यांत गप्प बसायला शिकल्याची माझी सगळी ऐट त्या पाण्यात गेली.

दांडा दोराने बांधून पाहिला. फर्लांगभर गेल्यावर दोर सैल पडला आणि पहिल्याच वळणावर गाडी अशी कलली की म्हातारा बाकावरून घसरता घसरता डॉक्टरांनी धरला. सुखदेवने गाडी बाजूला घेऊन बंद केली. "बिगर दांडीची घाटात मी नेत नाई. मले कमी केलं तरी चालते. बुढ्याले घेऊन दरीत नाई जात."

त्याची नोकरी वाचायची तर गाडी वेळेत पोचायला हवी होती, आणि तो स्वतःच ती थांबवून बसला. इतका वेळ मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटत होती. त्या क्षणी आदर वाटला.

तासाभराने, सेमाडोहच्या बाजूने धूर दिसला म्हणून मी आणि सुखदेव चालत गेलो. एक बैलगाडी सुटली होती, बांबूंनी लादलेली. बैल चरत होते आणि एक पन्नाशीचे शेतकरी गोवऱ्यांच्या आरात कणकेचे जाड रोडगे भाजत होते. गुणवंतराव त्यांचं नाव, अचलपूरकडचे, घराच्या कामाला बांबू न्यायला आलेले.

"काऊन बाप्पा, मोटार बसली काय?"

सुखदेवने सगळं सांगितलं. खीळ म्हटल्यावर ते उठून आले. "कितीक जाडीची?"

"गाडीच्या खिळीचीच. त्याच मापानं केलती."

गुणवंतरावांनी आपल्या गाडीच्या चाकाकडे पाहिलं, मग सुखदेवकडे. "कोन्या गावचा तू? कोनाचा?"

वऱ्हाडातच काय, कुठेही या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो. सुखदेवने गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं आणि मान ताठ ठेवून म्हणाला, "बौद्ध हाओत आमी."

गुणवंतराव खाली वाकले, एका चाकाची खीळ ठोकून काढली आणि दातात धरली. दुसऱ्या चाकाकडे गेले, तिथलीही काढली, तीही दातात. मग सुखदेवसमोर येऊन उभे राहिले आणि दातातल्या खिळा काढून त्याच्यापुढे धरल्या.

सुखदेवने त्या घेतल्या. दोन्ही ओल्या होत्या. त्याने रुमालाला हात घातला. पुसाव्यात की कशात गुंडाळाव्यात ते त्याला ठरवता येत नसावं.

"पुसून कायले राह्यला?" गुणवंतराव म्हणाले. "तोंडात धर. रस्त्यात पाडशील त माही गाडी उद्या इथंच."

सुखदेवने त्यांच्याकडे पाहिलं आणि खिळा दातात धरल्या.

मी बाजूला उभा होतो. मी सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेला माणूस. भांडं वरून ओतून पाणी पाजलेलं मी लहानपणी पाहिलं आहे. बोलण्याचा तर प्रश्नच नव्हता, खीळ दातात होती.

"सायेब," गुणवंतराव माझ्याकडे वळून म्हणाले, "परतवाड्यावून उद्याच्या मोटारीच्या हाती धाडून द्या. तवरक मी हाओ इथंच. बैलाईलेबी आराम." आणि आम्ही निघताना माझ्या हातात दोन गरम रोडगे कोंबले.

खिळा जरा सैल होत्या. डॉक्टरांनी प्लास्टरपट्टी गुंडाळून त्या घट्ट बसवल्या, आणि आम्ही घाट उतरलो. म्हातारा दवाखान्यात पोचला. परतवाड्याच्या लोहाराकडून सुखदेवने नव्या खिळा करून घेतल्या आणि गुणवंतरावांच्या खिळा दुसऱ्या सकाळच्या मोटारीने, कंडक्टरच्या हातात देऊन, परत पाठवल्या.

पुन्हा कचेरी

अहवाल लिहायला मला दोन दिवस लागले. पहिला मसुदा एका ओळीचा होता: 'गाडीने फेरी विनाअडथळा पूर्ण केली.' तो फाडला. पुढच्या तपासणीत कोणीतरी बोल्ट कुठे गेले म्हणून विचारणारच, आणि तेव्हा वानखडे एकटा सापडला असता. मग सगळं लिहिलं. दांडा, नाला, खिळा, गवा, आणि खिळा हरवल्या त्या माझ्या ओरडण्याने हेही लिहिलं. लिहिण्याआधी सुखदेवला विचारलं. तो म्हणाला, "लिवा, सायेब. गफूरभाईचं नाव तेवढं नोका लिवू."

तिसऱ्या दिवशी साहेबांनी गाडी आवारात आणायला लावली. पांढरी पँट घातलेले आमचे साहेब पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली गेले. स्वतः काटा ओढला, खीळ काढली, पुन्हा बसवली. बाहेर आले, हात पुसले आणि आपल्या खोलीत गेले. सुखदेव गाडीपाशी उभा राहिला. पाऊण तास तो तसाच उभा होता.

मग आम्हाला दोघांना आत बोलावलं. हेडक्लार्कही होते. साहेबांनी हुकूम वाचला: 'परवानगीवाचून सरकारी वाहनात फेरफार केल्याबद्दल ड्रायव्हर वानखडे यांना सक्त ताकीद देण्यात येत आहे. सदर ताकीद त्यांच्या सर्व्हिस बुकात नोंदवावी. खिळा पुढील हुकमापर्यंत तशाच ठेवाव्यात. धारणीची फेरी चालू राहील.'

हेडक्लार्क खाकरले. "साहेब, रोजंदारीवाल्यांना सर्व्हिस बुक नसतं. ते कायम नोकरांनाच असतं."

"ताकीद तर द्यायलाच हवी," साहेब म्हणाले. "गुन्हा गंभीर आहे. ड्रायव्हरची मंजूर जागा रिकामी आहे ना दीड वर्ष?"

"आहे, साहेब."

"मग त्या जागेवर घ्या आणि बुक उघडा. ताकीद काय हवेत लिहायची?"

साहेबांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ते पुढच्या फायलीकडे वळले होते. पण मला पक्कं ठाऊक आहे, त्या पाऊण तासात त्यांनी नुसता हाच रस्ता शोधला होता.

दुपारी हेडक्लार्कांच्या टेबलावर सुखदेवचं सर्व्हिस बुक उघडलं. नाव, वडिलांचं नाव, जन्मगाव, उंची, अंगावरची खूण. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध'. पाची बोटांचे ठसे. आणि आतल्या पहिल्याच पानावर, लाल शाईने, सक्त ताकीद. सुखदेव सातवी शिकलेला होता, त्याला वाचता येत होतं. तरी त्याने मला ती ओळ मोठ्याने वाचायला लावली. एकदा वाचली, पुन्हा वाचली.

शाई वाळेपर्यंत तो त्या पानावर वाकून उभा होता. मग मला बाजूला घेऊन, कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्याने विचारलं, "सायेब, हे पान कोनी फाडत तर नाई न?"

"नाही, वानखडे," मी म्हणालो. "ताकीद कायम राहते."